रेंज रोव्हर: पाच पिढ्यांत गाडी सुधारली की कामातून गेली?

जुनाट गिअर (धागालेखक)

१९७० च्या जूनमध्ये रेंज रोव्हर ब्रिटनच्या बाजारात आली तेव्हा तिची किंमत होती १,९९८ पौंड. आत रेक्झिनसारख्या सीटा, खाली रबरी चटया. चिखलाने बरबटली तर पाइप लावून आतून धुऊन काढा, अशी सोय. मागे दरवाजे नाहीत, पॉवर स्टिअरिंग नाही, गिअर चार. पण चारही चाकांना कायम ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक, लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आणि साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन. रानात जाणाऱ्या गाडीत हे सगळं एकत्र तोवर कोणी दिलं नव्हतं. हिची आखणी केली रोव्हर कंपनीचे अभियंते स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड यांनी. चेहऱ्यावरून शेवटचा हात फिरवला रोव्हरचे रचनाकार डेव्हिड बाश यांनी, बाकी आकार बव्हंशी अभियंत्यांचाच. आणि तरीही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ही गाडी औद्योगिक रचनेचा नमुना म्हणून मांडली गेली.

बॉनेटचे पुढचे दोन कोपरे मुद्दाम उंच ठेवले होते. ड्रायव्हरला सीटवरून गाडीच्या कडा दिसाव्यात म्हणून. मला यातच त्या लोकांची सगळी वृत्ती दिसते. आज त्याच कामाला कॅमेरे लागतात.

पुढे काय झालं? नंतरच्या चार पिढ्या, कंपनीच्या सांकेतिक नावांनी: १९९४ ची पी३८ए, २००२ ची एल३२२, २०१२ ची एल४०५, २०२१ ची एल४६०. पहिली साडेचार मीटरच्या आत होती, आजची पाच मीटरच्या वर गेली आहे आणि वजन अडीच टनांच्या आसपास. दारांची हँडलंसुद्धा पत्र्यात लपवली. खुद्द स्पेन किंग उतारवयात या गाड्या शहरात मिरवणाऱ्यांवर जाहीरपणे उखडले होते.

माझं मत सरळ आहे. पहिल्या पिढीनंतर ही कामाची गाडी राहिली नाही. पटत नसेल तर मुद्दे घेऊन या, नुसतं 'जुनं ते सोनं' म्हणून टोमणे नकोत.

रानभैरी

गिअरराव, मुद्दे घ्या मग.

तुमची 'पहिली पिढी' नेमकी कुठली? ती १९७० ते १९९६ अशी तब्बल २६ वर्षं चालली. त्यातलं तुम्ही फक्त १९७० धरून बसला आहात. १९८० मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंतेवेर्दी या गाडी कंपनीने हिला चार दरवाजे करून दिले, कारण पैसेवाले गिऱ्हाईक मागत होतं. कारखान्याची स्वतःची चार दरवाज्यांची आली १९८१ मध्ये. त्याच वर्षी व्होग या फॅशनच्या मासिकाशी हातमिळवणी करून खास आवृत्ती काढली, आणि ते नाव गाडीला कायमचं चिकटलं. १९८२ ला ऑटोमॅटिक गिअर. १९८९ ला एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारे ब्रेक. १९९२ ला हवेचं सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) आणि मागे पाय पसरायला जागा असलेली लांब एलएसई. हे सगळं तुमच्या त्याच पवित्र पहिल्या पिढीत! ऐषआराम नंतरच्यांनी आणला नाही, तो क्लासिकच्या, म्हणजे पहिल्या पिढीच्याच, पोटात वाढला.

आता काम. पाण्यात उतरायची मर्यादा पी३८एला साधारण अर्धा मीटर होती. एल३२२ला ७०० मिलिमीटर झाली, एल४०५ला ९००. एल४०५चा पूर्ण सांगाडा ॲल्युमिनियमचा, आधीच्या गाडीपेक्षा ४२० किलोपर्यंत हलका. आजच्या गाडीची मागची चाकंही वळतात, म्हणून एवढी लांब असून वळणाला जागा कमी लागते. कुठलं काम काढून घेतलं ते सांगा.

शिवाय १९७१-७२ ची ब्रिटिश लष्करी अधिकारी ब्लॅशफर्ड-स्नेल यांची मोहीम आठवा. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत दोन रेंज रोव्हर, मध्ये पनामा-कोलंबिया सीमेवरचं डॅरियनचं जंगल. त्या जंगलात डिफरेन्शियल (ॲक्सलमधली, चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) एकामागून एक फुटली. ती तुमची कामाची गाडी!

जुनाट गिअर

फुटली, कारण दलदलीसाठी प्रचंड टायर चढवले होते आणि गाड्या ठासून भरल्या होत्या. तिथे विमानाने सुटे भाग टाकले, जंगलातच गाड्या खोलल्या, जोडल्या आणि पुढे निघाल्या. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात की राव! आजची गाडी त्या जंगलात मोडेल की नाही हा वादच नाही. मोडली तर तिथे कोण खोलणार?

गॅरेजवाले नाना

दोघंही जरा दम खा. वादाची जागा चुकते आहे.

ऐषआराम वाढला म्हणून गाडी बिघडत नाही. चामड्याच्या सीटने कुठला ॲक्सल वाकला? खरा फरक चासीचा, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीचा. क्लासिक आणि पी३८ए या दोघींना खाली वेगळी चासी, पुढेमागे सलग ॲक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकाच दांड्यावर. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, हे त्या ॲक्सलचं वैशिष्ट्य. एल३२२ पासून वेगळी चासी गेली, बॉडी हाच सांगाडा झाला आणि चारही चाकं स्वतंत्र झाली. तेव्हा दगडावर जे काम लोखंड आपणहून करायचं, ते हवेच्या फुग्यांच्या जोडण्या आणि झडपा कॉम्प्युटरच्या हुकमाने करू लागल्या. काम तेच होतं, कधीकधी जास्त चांगलं होतं. पण करणारा बदलला.

हवेच्या सस्पेन्शनचे रबरी फुगे काही वर्षांनी भेगाळतात, मग हवा गळते, मग कॉम्प्रेसर सतत चालून बसतो. पी३८ए याबद्दल जगभर बदनाम आहे. परदेशात तर फुगे काढून परत कॉइल स्प्रिंग बसवायचे तयार संच मिळतात. म्हणजे गाडीला एक पिढी मागे न्यायचा धंदा! एवढं एक सोडलं तर पी३८ए ला लोक उगाच शिव्या देतात. तिचे दिवे चौकोनी होते हा काय गुन्हा आहे?

माझ्या हिशेबाने फाटा फुटला तो १९७० वि. बाकी असा नाही. २००२ च्या आधी आणि नंतर असा आहे.

आकडेमोड

नानांना +१, पण त्यांनी कारण नाही सांगितलं. मालक बघा.

पी३८ए आखली गेली रोव्हर ब्रिटिश एरोस्पेसच्या ताब्यात असताना, आणि बाजारात आली १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या हाताखाली. एल३२२ बीएमडब्ल्यूच्या पैशाने, बीएमडब्ल्यूची इंजिनं धरून आखली, आणि २००० मध्ये लँड रोव्हर (रेंज रोव्हर बनवणारी कंपनी) फोर्डला विकली गेल्यामुळे तिचं बारसं केलं फोर्डने. मग फोर्डने २००५ मध्ये जग्वारची इंजिनं घातली. २००८ मध्ये टाटांनी जग्वार आणि लँड रोव्हर मिळून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. फोर्डने या दोन्हींसाठी वेगवेगळे मिळून जे मोजले होते त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे लागोपाठ दोन पिढ्या एकाने आखल्या आणि दुसऱ्याने विकल्या. अशात गाडीची मूळ वृत्ती टिकली हेच आश्चर्य.

गंमत म्हणजे इंजिनाच्या बाबतीत 'अस्सल ब्रिटिश' कधी नव्हतंच. तुमचं ते पूज्य व्ही-८ मूळ अमेरिकेच्या ब्यूइकचं. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले. आणि एल४६० च्या व्ही-८ मध्ये आज पुन्हा बीएमडब्ल्यूचंच इंजिन आहे.

गावाकडचा

अडीच कोटींची गाडी ९०० मिलिमीटर पाण्यात घालणारा मालक कुणी पाहिलाय का? असेल तर त्याचा सत्कार करू.

रानभैरी

न घालू दे की. गड चढता येतो म्हणून रोज चढायलाच हवा असं थोडंच आहे? क्षमता असणं आणि वापरणं यात गल्लत करू नका.

सॉलिहलकर

मी इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या रेंज रोव्हर कारखान्यापासून फार लांब राहत नाही, म्हणून इथली बाजू. 'कामाची राहिली नाही' हे इंग्लंडच्या खेड्यांत फिरल्यावर पूर्ण पटत नाही. जुन्या जमीनदार घरांत घोड्यांचा ट्रेलर ओढायला रेंज रोव्हर अजून दिसते. राणी एलिझाबेथ विंडसरच्या आवारात कितीतरी वर्षं स्वतः चालवत. ट्रेलर ओढणं हेही कामच, डॅरियन रोज कोण ओलांडतो?

पण गिअररावांच्या बाजूचा एक मुद्दा कोणी काढला नाही. किल्ली खिशातून न काढता गाडी सुरू होते, ही सोय चोरांच्या इतकी पथ्यावर पडली की लंडनमध्ये रेंज रोव्हरचे विमे आवाक्याबाहेर गेले. काही विमा कंपन्यांनी हात वर केले. शेवटी २०२३ मध्ये कंपनीलाच मालकांसाठी स्वतःची विमा योजना आणावी लागली आणि जुन्या गाड्यांची सुरक्षा सुधारून द्यावी लागली. गाडी डोंगरात कशी चालते हा प्रश्न राहिलाच नाही, सकाळी दारात असेल का हा आहे.

जुनाट गिअर

राणीसाहेबांचं उदाहरण चांगलं आहे, पण ट्रेलर ओढायला जर्मन स्टेशन वॅगनही चालते. आणि रानभैरी, तुमच्या 'क्षमते'चं काय करायचं ते २०११ च्या छोट्या रेंज रोव्हर इव्होकने सांगितलंच. रेंज रोव्हरचा बिल्ला आणि तिच्या एका आवृत्तीत फक्त पुढच्या दोन चाकांना ताकद! १९७० मध्ये कोणी असं बोललं असतं तर किंगनी त्याला कारखान्याबाहेर काढलं असतं.

रानभैरी

इव्होक वेगळी गाडी आहे, पिढी नव्हे. आणि तिच्याच पैशावर मोठ्या रेंज रोव्हरचा ॲल्युमिनियमचा लाड चालला, हेही लक्षात घ्या. उलट तुमच्या डोळ्यांसमोरचा मर्सिडीजचा जी-वॅगन बघा. १९७९ पासून तोच डबा, तीच वेगळी चासी, पुढचा सलग ॲक्सल २०१८ पर्यंत. शुद्ध राहिला. आणि आज तो कुठे दिसतो? दुबईच्या आणि वांद्र्याच्या हॉटेलांच्या दारात. आतलं यंत्र जुनं ठेवल्याने गिऱ्हाईक कामाचं होत नाही.

गॅरेजवाले नाना

हा मुद्दा बिनतोड. गिअरराव, याला उत्तर द्या.

जुनाट गिअर

उत्तर आहे. जी-वॅगनचा मालक हॉटेलात जातो, पण तीच गाडी कित्येक देशांच्या सैन्यांनी घेतली. वेगळी चासी ठेवली म्हणून ते शक्य झालं. एल३२२ नंतरची रेंज रोव्हर कुठलं सैन्य घेईल?

आकडेमोड

सैन्य घेवो न घेवो, पुण्याला काम मिळालं. मे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात जोडल्या जाणार. मोठीची जोडणी सॉलिहलबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ, असं तेव्हा सांगितलं गेलं. किंमत ३ कोटी ३० लाखांच्या घरातून २ कोटी ३६ लाखांवर आली. आणि ज्यांना तेवढेही जड जातात त्यांच्यासाठी टाटांची हॅरिअर आहेच. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी८ या ढाच्यावरूनच घडवलेला, गाडीही पिंपरीतच तयार होते.

गावाकडचा

हॅरिअर फक्त पुढच्या चाकांवर चालते ना? म्हणजे इव्होकवाला आक्षेप तिलाही लागू.

जुनाट गिअर

लागू. किमान डिझेलच्या हॅरिअरला तरी. घाटात मागून ढकलणारं कोणी नाही.

गॅरेजवाले नाना

एक पुस्ती. कंपनीने विजेवरची रेंज रोव्हरही जाहीर केली आहे. विजेच्या मोटरी चाकांना ताकद अगदी बारीक मापाने देऊ शकतात, निसरड्या दगडावर याचा फार उपयोग. म्हणजे रानात ती कदाचित सगळ्यांत भारी ठरेल. वजन मात्र आणखी वाढणार, आणि गिअररावांच्या जंगलात ती खोलायला मला बोलावू नका.

जुनाट गिअर

नाना, तुम्हाला नाही तर कोणाला बोलावणार? भाडं माझं.