२००-५०० वर १.४ टेलिकन्व्हर्टर : घ्यावा की क्रॉप करून गप्प बसावं?

गोदाकाठचा

मंडळी नमस्कार. बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्याकडे निकॉन डी७५०० कॅमेरा आहे आणि त्यावर निकॉनचीच २००-५०० एफ/५.६ झूम लेन्स. नाशिकला राहतो त्यामुळे हिवाळ्यातला रविवार म्हणजे नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य हे ठरलेलंच. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी दिसतात ढिगाने पण सगळे लांब, बदकांचे थवे पाण्याच्या मध्यावर आणि मार्श हॅरियर (दलदलीवरचा शिकारी पक्षी) पार पलीकडच्या गवतावर घिरट्या घालत. ५०० ला लावून सुद्धा फ्रेममध्ये एवढासा पक्षी येतो आणि घरी येऊन क्रॉप केलं, म्हणजे कडा कापून मधला भाग मोठा केला, की पिसांचा नुसता चिखल.

तर आता टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसून चित्र १.४ किंवा २ पट मोठं करणारं भिंग, घ्यायचं डोक्यात आहे. दुकानदार म्हणतो २एक्स घ्या साहेब डायरेक्ट हजार एमएम, मित्र म्हणतो १.४ च्या वर जाऊ नको. मला विचारायचंय ते असं की १.४ लावल्यावर माझ्या बॉडीवर ऑटोफोकस नीट चालेल का, आणि घरी क्रॉप करण्यापेक्षा खरंच काही फरक पडतो का का नुसतं मनाचं समाधान? आणि कंपनीचाच घ्यायचा की दुसऱ्या ब्रँडचा स्वस्तातला चालेल? किंमत बघून बायको म्हणाली यात एक फ्रीज येतो, त्यामुळे उत्तर जरा पटेल असं द्या :)

---

तिसरा डोळा

२एक्स विसरा, दुकानदाराला म्हणावं तूच वापर. २एक्स म्हणजे दोन स्टॉप प्रकाश गेला (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), एफ/५.६ ची लेन्स एफ/११ झाली, आणि तुमच्या बॉडीवर एफ/११ ला ऑटोफोकसचं नाव काढायचं नाही. व्ह्यूफाइंडर पण इतका अंधारा होतो की हाताने फोकस करायचं म्हटलं तरी वैताग.

१.४ ला एक स्टॉप जातो, म्हणजे तुमची लेन्स होते २८०-७०० एफ/८. डी७५०० मध्ये ५१ फोकस पॉइंट आहेत पण एफ/८ ला चालतो फक्त एक, मधला. बाकीचे ५० घरी बसले असं समजा. कारण असं की डीएसएलआर मध्ये फोकसचं मॉड्यूल आरशाच्या खाली तळाला असतं, ते लेन्सच्या समोरासमोरच्या दोन कडांतून आलेला प्रकाश ताडून बघतं आणि त्यावरून ठरवतं फोकस पुढे गेलाय का मागे. एपर्चर, म्हणजे प्रकाश आत येणारं भोक, लहान झालं (एफ चा आकडा वाढला) की त्या कडाच झाकल्या जातात, मग ते मॉड्यूल आंधळं. बहुतेक पॉइंट एफ/५.६ धरून बनवलेले असतात, मधला तेवढा एफ/८ पर्यंत तग धरतो. डी५०० किंवा डी८५० असती तर एफ/८ ला १५ पॉइंट मिळाले असते, त्यातले ९ आपल्याला निवडता येतात. तुमच्याकडे एकच. बसलेला पक्षी असेल तर एकावर काम भागतं, पण उडता हॅरियर मधल्या एका पॉइंटवर धरून ठेवायचा आणि तोही ७०० ला, म्हणजे तुमच्या क्रॉप सेन्सरवर (लहान सेन्सर, दीडपट जवळ दाखवतो) १०५० सारखा, बघा जमतं का. पक्षी फ्रेममध्ये सापडेपर्यंतच तो निफाडला पोचलेला असतो.

आता क्रॉपचं. तुमचा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा. १.४ लावल्यावर जी फ्रेम मिळते तेवढी क्रॉप करून काढली तर साधारण साडेदहा मेगापिक्सेल उरतात. म्हणजे कन्व्हर्टरने पक्ष्यावरचे पिक्सेल दुप्पट होतात हे खरं, कागदावर मोठा फायदा. पण कन्व्हर्टर म्हणजे शेवटी लेन्सने जे चित्र बनवलंय त्याचा मधला भाग ताणून सेन्सरवर टाकणारं भिंग. ५.६ ला लेन्स जेवढी सॉफ्ट तेवढा सॉफ्टपणाही ताणला जातो. २००-५०० चांगली लेन्स आहे, वाद नाही, पण ती ५०० च्या टोकाला उघड्या एपर्चरवर ६०० एफ/४ प्राइमसारखी (झूम नसलेल्या लेन्ससारखी) धारदार नाही ना. त्यामुळे कन्व्हर्टर लावून एक स्टॉप अजून बंद करावं लागतं, एफ/११. आता हिशोब करा, आधी १/१००० सेकंद शटरला एफ/५.६ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाश पकडायची क्षमता) ८०० ने भागत होतं तिथे ३२०० लागणार. सकाळी सात वाजता धुक्यात तर ६४०० च्याही पुढे. जे डिटेल कन्व्हर्टरने आणलं ते नॉइझने (फोटोतल्या दाण्यांनी) खाल्लं.

माझं मत, डी७५०० वर नका घेऊ. आधी बॉडी, मग कन्व्हर्टर.

---

फिरस्ता

एवढं सगळं कशाला, जवळ जा की राव. ६० मीटरवरचा पक्षी कन्व्हर्टर लावून जेवढा दिसतो तेवढाच ४३ मीटरवरून बिना कन्व्हर्टर दिसतो. सतरा मीटर पुढे सरकायला पैसे लागत नाहीत. कॅमोफ्लाज जाळी घ्या, पहाटे अंधारात जाऊन बसा, ढोपरं दुखतील तेवढीच.

---

गोदाकाठचा

@तिसरा डोळा, इतकं सविस्तर कुठेच वाचलं नव्हतं, फार आभार. एका पॉइंटचं मला माहितच नव्हतं, दुकानदार तर म्हणाला सगळं सेम टू सेम चालतं.

@फिरस्ता भाऊ, तुमचं बरोबर आहे पण नांदूरला मनोऱ्यापुढे पाणी आणि दलदल, जाणार कुठे?

---

रानजाई

फिरस्ता, अभयारण्यात "जवळ जा" हा सल्ला सरसकट देऊ नका हो. नांदूर २०२० मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालंय, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे काठाने चिखलात उतरून लोक पुढे सरकतात आणि अख्खा थवा उठवतात, हिवाळ्यात ती बदकं लांबून आलेली, खाणं सोडून उगाच उडायला लावायची. आपल्याला फोटो मिळतो आणि मागे मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसलेल्यांना रिकामं पाणी.

आणि तिसरा डोळा, तुमचं बाकी सगळं मान्य पण "नका घेऊ" हे नाही पटलं. मी हीच लेन्स १.४ लावून वापरते, पण पक्ष्यांना नाही, फुलपाखरं आणि चतुरांना. कन्व्हर्टरने लेन्सचं जवळात जवळ फोकस करायचं अंतर बदलत नाही, २००-५०० चं ते २.२ मीटर आहे, कन्व्हर्टर लावला तरी २.२ च राहतं. पण आकार मात्र १.४ पट होतो, ०.२२ चं मॅग्निफिकेशन (खऱ्या आकाराच्या मानाने सेन्सरवरचा आकार) ०.३१ होतं. आमच्याकडे सिंधुदुर्गात पाऊस उघडला की ओढ्याच्या कडेला ओल्या मातीवर ब्लू मॉर्मन फुलपाखरं येऊन बसतात, मॅक्रो लेन्स घेऊन फुटावर गेलं की गेले उडून. इथे दोन अडीच मीटरवर स्टुलावर बसून पंखावरची निळी भुकटी दिसते. उन्हात, बसलेलं, मधला पॉइंट त्याच्या डोळ्यावर, एफ/११ तर तसंही लागतंच कारण इतक्या जवळून डेप्थ मिळत नाही, म्हणजे पुढून मागेपर्यंत सगळं धारदार येत नाही. म्हणजे जो तोटा म्हणून सांगितलात तो इथे तोटाच राहत नाही.

तेव्हा गोदाकाठचा, तुम्हाला फक्त लांबची बदकंच काढायची असतील तर प्रश्न वेगळा, पण पावसाळ्यात अंजनेरीला वगैरे जात असाल तर विचार करा.

---

तिसरा डोळा

रानजाई ताई, +१. जवळच्या विषयाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही, तिथे मी विरोध मागे घेतो. लांबच्या बाबतीत मात्र ठाम आहे, आणि त्याचं अजून एक कारण राहिलं सांगायचं, हवा. पाण्यावरून शंभर दीडशे मीटर लांबचा पक्षी टिपताना मधल्या हवेचा एकेक थर वेगळ्या तापमानाचा असतो, नऊ साडेनऊ झाले की ती हवा अशी थरथरायला लागते की तुम्ही दोन हजार एमएम लावा, बदकाचा डोळा डोळा दिसणार नाही. लोक याला लेन्स सॉफ्ट आहे म्हणतात, फोकस चुकला म्हणतात, सर्व्हिस सेंटरच्या चकरा मारतात. ओळखायचं कसं तर बर्स्टमधले दहा फ्रेम एकामागून एक बघा. पक्षी जागचा हललेला नसताना चोचीची कड दर फ्रेममध्ये वेगळी वाकडी दिसत असेल तर ती हवा. फोकस चुकला असेल तर सगळे सारखेच मऊ आणि पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत धारदार. शटर कमी पडलं असेल तर एकाच दिशेला फराटा.

गोदाकाठचा, तुमचे "चिखल" झालेले फोटो एकदा या नजरेने बघा. बहुतेक अर्धे यातच निघतील, आणि त्यावर कुठल्याही ब्रँडचा कन्व्हर्टर काही करू शकत नाही, उलट थरथर १.४ पट मोठी करून दाखवेल.

---

सोलापुरी चादर

कॅननवाले पण वाचत असाल तर एक गोष्ट, कारण मला विकताना कोणी सांगितली नाही. आरएफ १००-५०० ला १.४ एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) बसतो पण झूम ३०० च्या पुढे नेल्याशिवाय बसतच नाही, एक्स्टेंडरचं पुढचं भिंग लेन्सच्या आत घुसतं ना. आणि बसवल्यावर परत ३०० च्या मागे येत नाही. म्हणजे १००-५०० ची लेन्स होते ४२०-७००, ७०० च्या टोकाला एफ/१०. भिगवणला होडीत बसलं की रोहित पक्ष्यांचा थवा एकदम अंगावरून जातो, अशा वेळी १५० पाहिजे आणि तुम्ही ४२० ला अडकलेले. काढावा म्हटलं तर होडी हलतेय, खाली उजनीचं पाणी, एका हातात लेन्स एका हातात बॉडी आणि कन्व्हर्टर दातात धरायचा का? शिवाय बॅगेत लेन्स पूर्ण मिटत नाही, लांबडी राहते.

ऑटोफोकस मात्र मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) झकास चालतो, एफ/१० ला पण. सेन्सरवरच फोकस होतो त्यामुळे ते एफ/८ चं झेंगट नाही, पक्ष्याचा डोळा पकडतो तो पकडतोच. उजेड पाहिजे फक्त.

---

फिरस्ता

ताई, चिखलात उतरा असं मी कुठे म्हणालो? आमच्याकडे नगरच्या माळरानावर गाडीतच बसून राहतो, गाडीला पक्षी घाबरत नाहीत, खिडकीवर बीन बॅग टाकायची आणि इंजिन बंद. धाविक पक्षी गाडीजवळ येऊन जातो. पण अभयारण्याचा मुद्दा मान्य.

बाकी मिररलेसचं निघालंच आहे तर, निकॉन झेडची (निकॉनचे मिररलेस) कुठलीतरी बॉडी घेतली आणि ही लेन्स एफटीझेड ॲडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेडला बसवणारा) लावली तर कन्व्हर्टर झेडचा घ्यायचा का जुना?

---

तिसरा डोळा

जुना, टीसी-१४ई ३. लेन्स, मग कन्व्हर्टर, मग एफटीझेड, मग बॉडी, हाच क्रम. झेडचा कन्व्हर्टर फक्त झेडच्या ठराविक लेन्सना बसतो, मध्ये ॲडॅप्टर घालून जमत नाही. त्यामुळे उद्या झेड १८०-६०० वगैरे घ्यायचा विचार असेल तर आज घेतलेला कन्व्हर्टर तिथे निरुपयोगी, हे पण धरून चाला.

आणि दुसऱ्या ब्रँडच्या कन्व्हर्टरचं उत्तर राहिलं. २००-५०० ही ई टाइप लेन्स आहे, म्हणजे एपर्चर जुन्या लेन्ससारखं लिव्हरने नाही, बॉडीकडून विजेच्या इशाऱ्यावर हलतं. बाजारात दुसऱ्या ब्रँडचे जुने सेकंडहँड कन्व्हर्टर फिरतात त्यातले बरेच यासाठी बनलेलेच नाहीत. लेन्सला बसेल, फोकस पण करेल, आणि एपर्चर बदलायला गेलात की घोटाळा. ओएलएक्सवर स्वस्तात दिसला म्हणून उचलू नका, आपल्याच बॉडी आणि लेन्सवर लावून एफ/८, एफ/११, एफ/१६ ला एकेक फोटो काढा, उजेड सारखा असताना शटर आपोआप कमी होत जातंय आणि तिन्ही फोटो सारखेच उजळ आलेत ना बघा, मगच पैसे द्या.

---

गोदाकाठचा

वा, धागा काढल्याचं सार्थक झालं. जुने फोटो काढून बसलो होतो. तिसरा डोळा म्हणाले तसंच, दहा नंतरचे जवळपास सगळे थरथर केस आहेत, चोच प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी! सकाळचे आठच्या आतले मात्र क्रॉप करून सुद्धा बरे आहेत, ते मी नीट बघितलेच नव्हते इतके दिवस.

सध्या विकत घेत नाही. इथे एका दुकानात लेन्स भाड्याने देतात, त्यांच्याकडे १.४ आहे, शनिवार-रविवार आणून बघतो. घरी टेस्ट कशी करू? गच्चीवरून समोरच्या बिल्डिंगची पाटी दिसते, ती चालेल?

---

रानजाई

पाटी चालेल पण सकाळी. दुपारी मधल्या गच्च्या आणि पत्रे तापले की परत तीच थरथर येणार आणि तुम्ही कन्व्हर्टरला नावं ठेवणार.

आधी ट्रायपॉडवर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून घ्या, व्हीआर (हात हलणं सावरणारी सोय) बंद, टायमर लावून. मग तोच फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि दुसरा मऊ आला तर दोष काचेचा नाही, फोकस पुढे-मागे होतोय. डी७५०० मध्ये एएफ फाइन ट्यून (फोकस थोडा पुढे-मागे करून नेमका करायची सोय) आहे, आणि नुसत्या लेन्सचा आकडा वेगळा, लेन्स अधिक कन्व्हर्टरचा वेगळा सेव्ह होतो, तेव्हा आधी केलेलं असेल तरी परत करावं लागेल. तुलना करताना ५०० चा क्रॉप आणि ७०० चा पूर्ण फोटो स्क्रीनवर सारख्याच आकारात करून बघा, दोन्ही १०० टक्के झूम करून बघू नका, त्यात कन्व्हर्टरवर अन्यायच होतो. पाटीवर मोठ्या अक्षरांपेक्षा खाली बारीक फोन नंबर असतो ना, तो वाचता येतो का ते बघा.

---

सोलापुरी चादर

आणि भाड्याने आणताना दुकानातच कन्व्हर्टरच्या दोन्ही काचांवर टॉर्च मारून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ओरखडा आधीचा का तुमचा यावरून माझं डिपॉझिट एका ठिकाणी अडकलंय ते अजून मिळालेलं नाही.