नातवंड नजरेआड झालं तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

नातवंड आजी-आजोबांचं बोट सोडून परस्पर 'फिरायला' गेलं, असं पुष्कळ घरांत एकदा तरी घडतं. सापडल्यावर सगळे हसतात, पण मधल्या काही मिनिटांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. इथे तेच लिहा. कुणाचं लक्ष नव्हतं याचा निवाडा नको. मूल कुठे गेलं होतं, का गेलं होतं आणि ते कुणाच्या कसं लक्षात आलं, एवढं सांगा. सुरुवात मीच करते.

आमचा नातू तेव्हा तीन वर्षांचा होता. रोज संध्याकाळी तो आणि आबा चालत वळणावरच्या कठड्यापर्यंत जायचे आणि येणारी-जाणारी वाहनं बघत बसायचे. एके दिवशी आबा बाहेरच्या कामाला गेले होते. मी आतून येऊन बघते तर अंगणात पोरगा नाही! सून रस्त्याकडे धावली, मुलगा शेजारी विचारायला गेला. मी आधी पाण्याच्या टाकीचं झाकण पाहिलं. मग दाराशी लक्ष गेलं. आबांच्या घरातल्या चपला जागेवर नव्हत्या. फाटकाबाहेर मातीत फरफटल्याच्या दोन रेघा दिसल्या, वळणाच्या दिशेने गेलेल्या. स्वारी कठड्यावर बसली होती. आबांची बाजू मोकळी सोडून, आबांसारखेच गुडघ्यांवर हात ठेवून. मागाहून आबा धापा टाकत पोहोचले, तर हा म्हणतो कसा, "आबा, किती उशीर केलास!" तो हरवलाच नव्हता. त्याच्या हिशोबाने आबा वेळेवर आले नव्हते. घरी येईपर्यंत आबांनी त्याला कडेवरून उतरवलं नाही, आणि गुडघे दुखतात हे त्या दिवशी एकदाही म्हणाले नाहीत.

दोन नातींचा आजोबा
आमची धाकटी घरातच होती, कपड्यांच्या कपाटात. सगळे घाबरून ओरडत होते आणि आवाज जितका चढत होता, तितकी ती आत अंग चोरत होती. मी सगळ्यांना गप्प केलं आणि आमच्या लपाछपीतली हाक नेहमीच्या सुरात दिली. आतून खुदकन हसू आलं. रागावलेल्या आवाजाला लहान मूल ओ देत नाही, हे माझं ठाम मत.

निवृत्त परिचारिका, आता पूर्णवेळ आजी
वर टाकीचं झाकण आधी पाहिलं, ते शंभर टक्के बरोबर. मूल दिसेनासं झालं की पहिल्यांदा पाणी बघा: टाकी, हौद, बादली, तळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांत सर्वाधिक आहे. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. म्हणून 'आवाज आला नाही' याला काही अर्थ नाही. कपाट, पलंगाखालची जागा, गाडीची डिकी नंतर. पण गाडी विसरू नका, बंद गाडी फार लवकर तापते.

स्वमग्न नातवाची आजी
आमच्याकडे हे एकदाचं नाही, नेहमीचं आहे. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी जवळपास निम्म्यांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी असं निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. ते वाचून मला आधी बरं वाटलं, कारण नातेवाइकांच्या मते आम्ही त्याला 'सांभाळत नाही'. तो हाकेला ओ देत नाही, पण फिरणारं काहीही त्याला ओढून घेतं. पंखा, चाक, चक्की. आई-वडील त्याचं नाव पुकारत फिरतात, मी फिरणाऱ्या वस्तू शोधत जाते. बहुतेक वेळा मीच आधी पोहोचते. कपड्यांना आतून फोन नंबर शिवलाय आणि दाराला वर घंटी लावलीय.

गर्दीत घाम फुटलेला आजोबा
नात सापडली ती मदतकक्षात. आजोबांचं नाव काय, तर "आजोबा"! दिसतात कसे, तर "कानात मशीन आहे, वाजतं." तेवढ्यावर त्या बाईंनी मला गर्दीतून हुडकून काढलं. आता नातीला माझं पूर्ण नाव पाठ आहे. शिवाय निघण्याआधी तिचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढतो. ऐन वेळी फ्रॉकचा रंग आठवत नाही हो. आणि 'आम्ही दिसलो नाही तर आहेस तिथेच उभी राहा' हे पढवलंय. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'हग-अ-ट्री' उपक्रमात मुलांना हेच शिकवतात: रानात चुकलात तर जवळचं झाड धरून थांबा.

नवी आजी
वरच्या ताईंना विचारायचं होतं, घंटी किती उंचावर लावलीत?

स्वमग्न नातवाची आजी
माझ्या डोक्याच्या वर. मग तो खुर्ची ओढून आणायला शिकला. आता खुर्च्याही आतल्या खोलीत असतात.