ह्युस्टनमध्ये बर्फ पडला आहे. घरात अडकलेल्या नातवाला आपल्याकडच्या थंडीतले काय देता येईल?

लक्ष्मीनगरकर (21 जानेवारी 2025)

सर्वांना नमस्कार. माझा मुलगा, सून आणि सहा वर्षांचा नातू अमेरिकेत ह्युस्टनला राहतात. मेक्सिकोच्या आखाताजवळच्या या शहराचा उन्हाळा नागपूरकरांना ओळखीचा वाटावा असा कडक आणि हिवाळा बेताचाच असतो, त्यामुळे तिथल्या घरांत ना बर्फ उपसण्याचे फावडे असते, ना मुलांचे जाड बूट. काल रात्रीपासून तिथे चक्क हिमवर्षाव सुरू आहे. शाळा आज आणि उद्या बंद आहेत, विमानतळांवरची उड्डाणे थांबली आहेत आणि रस्त्यांवर बर्फाचा निसरडा थर असल्यामुळे कोणीही विनाकारण गाडी बाहेर काढू नये, असे तिथल्या प्रशासनाने बजावले आहे.

मघाशी बोलणे झाले तेव्हा नातू खिडकीला नाक लावून उभा होता. सून म्हणाली, "बाबा, बाहेर थोडा वेळ खेळला की याची बोटे बधिर होतात आणि मग सगळा दिवस घरातच काढायचा आहे. टीव्ही लावून देण्यापेक्षा आपल्याकडे थंडीत जे चालायचे, त्यातले इथे काय करता येईल ते सांगा." तिचा प्रश्न मला मनापासून आवडला, परंतु मला पटकन सुचले ते सगळे नागपूरच्या अंगणातले होते: गच्चीवरचे कोवळे ऊन, शेतावरचा हुरडा, शेकोटी, चटईवर बसून सोललेली संत्री. यांतले काहीही आज त्यांच्या हाताशी नाही. दुकानात न जाता, घरात जे आहे त्यावरच भागेल असे पदार्थ, खेळ किंवा आणखी काही आपल्याला सुचत असेल तर कृपया सविस्तर लिहावे. मी हे सगळे वाचून त्यांना रात्रीच कळवणार आहे.

महालकर ताई

काका, नमस्कार. आपल्याकडच्या थंडीचा खरा राजा म्हणजे सांभारवडी, परंतु तिला ताजा आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, हवा. तो धुऊन कापडावर पूर्ण कोरडा झालेला हवा, नाहीतर पारीला पाणी सुटते आणि वडी तेलात फुटते. त्यांच्या फ्रीजमध्ये एखादीच जुडी असेल तर सांभारवडीच्या वाटेला आज जाऊ नये. ह्युस्टनला मेक्सिकन दुकानांत सांभार मुबलक मिळतो, तेव्हा रस्ते मोकळे झाल्यावर तो बेत सावकाश करता येईल.

आजच्यासाठी माझे मत पाटोडी-रश्श्याला आहे, कारण त्याला बेसन, कांदा, लसूण, सुके खोबरे आणि मसाला एवढेच लागते आणि हे सारे परदेशातल्या कोणत्याही मराठी घरात असते. तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण, हळद आणि तिखट घालून पाणी उकळावे, त्यात बेसन एका हाताने भुरभुरत दुसऱ्या हाताने सतत घोटावे आणि झाकण ठेवून चांगली वाफ आणावी. गोळा कढईच्या कडा सोडून मध्ये जमू लागला की तो तेल लावलेल्या ताटात गरम असतानाच ओल्या तळव्याने थापावा. वरून किसलेले खोबरे, खसखस आणि असेल तेवढा सांभार पसरावा. ही थापणी नातवाला नक्की द्यावी, फक्त गोळा हाताला सोसवेल इतका निवू द्यावा. वड्या पाडण्यापूर्वी सुरीला तेल लावून तिरप्या रेषा ओढण्याचे काम मुलांना फार प्रिय असते. रश्श्यासाठी कांदा आणि खोबरे अगदी काळपट होईपर्यंत भाजून वाटावे आणि वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. कांदा-खोबरे भाजल्याचा वास घरभर पसरू द्यावा, कारण बंद घरातल्या थंडीवर त्याच्यासारखा उतारा नाही. पाटोडी रश्श्यात शिजवायची नसते. पानात वाढताना वड्या ठेवून वर उकळता रस्सा ओतावा, म्हणजे त्या मऊ होतात पण विरघळत नाहीत.

आणखी एक गोष्ट तपासायला सांगा. भारतीय दुकानांत 'लिलवा' या नावाने गोठवलेले ओल्या तुरीचे दाणे मिळतात आणि बऱ्याच जणांच्या फ्रीझरमध्ये त्याची एखादी पिशवी पडून असते. तशी सापडली तर सोलेभात किंवा सोले-वांगे करता येईल, आणि मग ह्युस्टनमधले ते घर जेवणापुरते तरी विदर्भात आलेच असे समजावे.

टेक्सासहून परतलेला

मी काही वर्षे टेक्सासमध्ये नोकरी केली आणि फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात सहकुटुंब तिथेच होतो. म्हणून आनंदाच्या गोष्टींआधी दोन काळजीच्या गोष्टी सांगतो. त्या वेळी राज्यातल्या 45 लाखांहून अधिक घरांची वीज गेली होती आणि राज्याच्या आरोग्य विभागाच्या अहवालानुसार 246 माणसे दगावली. त्यांतले बरेच मृत्यू थंडीने झाले, तर काही घरात कोळसा पेटवल्यामुळे, जनरेटर चालवल्यामुळे किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून ऊब घेतल्यामुळे झाले.

आपल्याला शेगडीची सवय असते, म्हणून हे आग्रहाने लिहितो आहे. आपल्या जुन्या घरांत कौलांतून आणि खिडक्यांच्या फटींतून हवा खेळती राहते, तिथली घरे मात्र बंदिस्त असतात. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. डोके जड होणे, मळमळणे आणि झोप येणे हीच त्याची लक्षणे, आणि थंडीच्या दिवशी कोणालाही ती साध्या थकव्याची वाटतील. गॅसची शेगडी स्वयंपाकासाठी जरूर वापरावी, परंतु खोली तापवण्यासाठी ती पेटती ठेवू नये. दुसरी गोष्ट पाण्याची. तिथे पाण्याचे नळ पोटमाळ्यातून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले असतात आणि आतले पाणी गोठून फुगले की ते फुटतात. रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या तोट्या बारीक धारेने सुरू ठेवाव्यात आणि सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे घरातली ऊब नळांपर्यंत पोहोचते.

एवढे सांभाळले की मग खुशाल मजा करावी. आमच्याकडे वीज नव्हती तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्या गाद्या एका खोलीत ओढून आणल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले आणि सगळे एकत्र झोपलो. माझ्या मुलीला त्या वादळातले आज फक्त तेच आठवते, की आई-बाबा आणि ती एकाच मोठ्या अंथरुणात होते आणि बाबा टॉर्च लावून गोष्ट वाचत होते. ह्युस्टनला सध्या वीज आहे ही फार चांगली बाब आहे, तरी एका रात्रीसाठी सगळ्यांनी एकाच खोलीत अंथरूण घालावे असे मी आपल्या मुलाला आवर्जून सुचवेन.

निवृत्त भूगोल शिक्षक (22 जानेवारी)

नातू सहा वर्षांचा आहे, म्हणजे "असे का होते?" हा प्रश्न तो विचारणारच, तेव्हा आजोबांनी उत्तर तयार ठेवलेले बरे. ध्रुवाकडची थंड हवा उत्तर अमेरिकेत दक्षिणेकडे वाहू लागते तेव्हा तिला आडवी येणारी पूर्व-पश्चिम पर्वतरांग तिथे नाही. मैदानांवरून ती थेट आखातापर्यंत घसरते. तिथल्या दमट हवेशी तिची गाठ पडली की आखाताच्या काठावरही बर्फ पडू शकतो, आणि या वेळी तर न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर तो आठ इंच पडला. आपल्या उत्तरेला हिमालय उभा आहे, त्यामुळे मध्य आशियातली गोठवणारी हवा आपल्यापर्यंत तशी पोहोचत नाही. शिवाय नागपुरात कडाक्याची थंडी पडते ती आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असताना. ढग आले की रात्री उबदार होतात. थंडी आणि ओल या दोघी आपल्याकडे एका दिवशी येत नाहीत. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचे किमान तापमान 3.5 अंशांपर्यंत उतरले होते, तेव्हाही आकाशातून काही पडले नाही. आपल्याला माहीत असलेली गार ही उंच गडगडाटी ढगात घडते, हिमकण मात्र थंड ढगात वाफेपासून थेट स्फटिकरूपाने वाढतो.

आता प्रयोग सांगतो. काळ्या रंगाचा लोकरी किंवा मखमली कपड्याचा तुकडा पुठ्ठ्यावर ताणून बसवावा आणि तो घराबाहेर आडोशाला ठेवून पुरता गार होऊ द्यावा. बर्फ पडत असताना तो क्षणभर पुढे धरावा आणि भिंगातून पाहावे. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला तरी चालेल, फक्त श्वास रोखून धरावा, कारण श्वासाच्या उबेने कण लगेच वितळतो. काही कण मोडलेले आणि एकमेकांना चिकटलेले दिसतील, परंतु शोधत राहिल्यास सहा पाकळ्यांचा एखादा अखंड कण सापडतोच. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात, म्हणून पाकळ्या सहाच असतात. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या विल्सन बेंटली नावाच्या तरुण शेतकऱ्याने 15 जानेवारी 1885 रोजी अशाच एका कणाचे सूक्ष्मदर्शकातून पहिले छायाचित्र काढले आणि नंतर आयुष्यभरात हजारो कणांची छायाचित्रे जमवली. नातवाला ही गोष्ट अवश्य सांगावी.

बर्फ पडणे थांबले असल्यास दुसरा प्रयोग करावा. काचेचा सरळ पेला न दाबता बर्फाने काठोकाठ भरून घरात ठेवावा आणि वितळल्यावर पाणी किती उरेल याचा अंदाज प्रत्येकाने आधी कागदावर लिहावा. ताजा भुसभुशीत बर्फ साधारण दहा इंच असेल तर त्याचे पाणी एक इंच भरते, आणि ओलसर बर्फाचे थोडे अधिक. मुलांचे अंदाज बहुतेक वेळा निम्म्या पेल्याचे असतात, त्यामुळे तळाशी उरलेले पाणी पाहून त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

धंतोलीकर

वरचे सगळे प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही एक विनंती करावीशी वाटते. त्या मुलाचे दोन दिवस कार्यक्रमांनी भरून टाकू नका. शाळा नाही, कार्यालय नाही, कोणी येणार नाही आणि कुठे जायचे नाही, असे दिवस त्या कुटुंबाच्या वाट्याला क्वचितच येत असतील. खिडकीशी नुसते बसून राहणे आणि आईच्या शालीत शिरून काहीही न करणे यालाही त्या दिवसांत भरपूर जागा राहू द्यावी.

खेळ एकच सुचवतो, तो म्हणजे अष्टाचंगा. पार्सलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरे आखावीत आणि चारही बाजूंची मधली घरे व केंद्रातले घर यांवर फुली मारावी. तिथे सोंगटी मारली जात नाही. कवड्या किंवा चिंचोके नसतील तर पिस्त्याची चार अर्धी टरफले घ्यावीत, ती फरशीवर अगदी कवडीसारखीच पडतात. चारही उताणी पडली की चार, चारही पालथी पडली की आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळते. बाकी जितकी उताणी तितके दान. सोंगट्यांसाठी डाळी, शेंगदाणे, राजमा असे प्रत्येकाचे वेगळे दाणे घेतले की भांडणे होत नाहीत. आमच्या घरी हा खेळ आजी शिकवत असे आणि ती लहान मुलांना मुद्दाम जिंकू देत नसे, त्यामुळे जिंकल्यावर खरेच जिंकल्यासारखे वाटायचे. आजोबा, आपण व्हिडिओ कॉलवरून चौथा भिडू होऊ शकता. आपले दान तिकडे नातवाने टाकावे आणि सोंगटीही त्यानेच चालवावी.

लक्ष्मीनगरकर (23 जानेवारी)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तोट्या आणि कपाटांची दारे यांविषयीची सूचना मी सर्वांत आधी कळवली आणि मुलाने ती त्याच रात्री अमलात आणली. त्यांचे नळ शाबूत आहेत, पलीकडच्या एका घरात मात्र नळ फुटून छत भिजले आहे. सुनेने काल पाटोडी केली. लिलवा सापडला नाही. आजचा माझा सकाळचा वेळ, म्हणजे त्यांची काल रात्र, अष्टाचंग्यात गेला. नातवाने माझी सोंगटी दोनदा मारली आणि दोन्ही वेळा मला ती पडद्यासमोर धरून दाखवली. पेल्याच्या प्रयोगात सर्वांत जवळचा अंदाज सुनेचा निघाला.

आता एक नवीनच प्रश्न आला आहे. माझी पत्नी मार्च महिन्यात तिकडे जाणार आहे आणि नातवाने आजीसाठी बर्फाचा एक गोळा फ्रीझरमध्ये ठेवला आहे. तो तोपर्यंत टिकेल का? गुरुजींनी कृपया सांगावे, कारण मी त्याला अद्याप काही उत्तर दिलेले नाही.

निवृत्त भूगोल शिक्षक

टिकेल, परंतु उघडा ठेवू नये. आजकालच्या फ्रीझरमध्ये आतला हिमथर आपोआप काढण्यासाठी कोरडी हवा फिरवतात आणि मधूनमधून थोडी ऊब दिली जाते. त्या हवेत बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन झिजतो, त्यामुळे उघडा गोळा मार्चपर्यंत बराच लहान होईल. तो आधी पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळावा, मग हवाबंद डब्यात घालावा, उरलेल्या जागेत आणखी बर्फ दाबून भरावा आणि डबा दारापासून दूर, अगदी मागच्या बाजूला ठेवावा. कणांच्या पाकळ्या तेवढ्या राहणार नाहीत. त्या एकमेकांत मिसळून खडीसाखरेसारखे दाणे तयार होतील, हे नातवाला आताच सांगून ठेवावे. डब्यावर तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्यावी आणि घरातल्या बाकीच्यांनाही कल्पना द्यावी, म्हणजे फ्रीझर साफ करताना तो डबा कोणी सिंकमध्ये रिकामा करणार नाही.