मदत हवी आहे: मालवणात मोफत योगवर्ग किंवा ज्येष्ठांचा गट?

नमस्कार मंडळी. बाबा गेल्यापासून आई मालवणात एकटीच, मी नोकरीसाठी ठाण्यात. तिचं वय 67. गुडघे कुरकुरतात, पण खरं दुखणं वेगळंच आहे. परवा फोनवर सहज म्हणाली, "औंदा सोलां सुकवूक नाय. कोणासाठी सुकवू?" दरवर्षी अंगणभर सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घालणारी बाई ही!

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर तिला दिलाय, तिथे मराठीतूनही बोलता येतं. पण "अनोळखी माणसाक काय सांगू?" म्हणून ती लावतच नाही. तिला माणसांत बसायला हवं, असं माझं मत.

आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांत, योगसत्रं होतात म्हणून जवळच्या केंद्रात विचारलं, तर उत्तर काय, "21 जूनला या"! वर्षातून एक दिवस योग करून गुडघे कसे सुटायचे?

तर, खुर्चीवर बसून करायचे व्यायाम, बायकांचं भजनी मंडळ, वाचनालयातल्या दुपारच्या गप्पा, काहीही चालेल. फी नको, कारण पैसे पडतात म्हटलं की ती जाणारच नाही. आणि पावसाळ्यात बंद न पडणारं हवं. बाजारपेठेपासून चालत जाण्याजोगं असेल तर उत्तमच. कुणी स्वतः जात असाल तर दिवस-वेळ सांगा, पहिल्या दिवशी मी रजा काढून सोबत येईन.