जर्मन ‘फ्राक्त्सिओन’ला इंग्रजीत काय म्हणावं?

मंडळी, मदत हवीये. मी जर्मनमधून इंग्रजीत भाषांतरं करते, बहुतेक मशीनची मॅन्युअल्स, म्हणजे तेल बदला, पट्टा ताणा, झाकण उघडण्यापूर्वी स्विच बंद करा असलं सगळं. यावेळी एका क्लायंटने जर्मनीच्या २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीवरचा चाळीसेक पानांचा मजकूर पाठवला आणि मला वाटलं बातम्या तर आपण वाचतोच, होऊन जाईल. पहिली दहा पानं परत आली ती लालेलाल! सगळ्यात मोठा लाल गोल ‘फ्राक्त्सिओन’वर. मी आपलं सरळ फॅक्शन लिहून मोकळी झाले होते, ‘सीडीयू-सीएसयू फॅक्शनने ठराव मांडला’ असं. बाजूला तपासणाऱ्याचा शेरा, की हे वाचून पक्ष फुटल्यासारखं वाटतंय. आणि बरोबरच आहे की त्याचं. इंग्रजीतलं फॅक्शन म्हणजे पक्षात चूल वेगळी मांडलेले लोक, आणि जर्मन फ्राक्त्सिओन म्हणजे सभागृहातले त्या पक्षाचे सगळे खासदार मिळून एक.

मराठीत करायचं असतं तर मी एक सेकंद अडले नसते. आपल्याकडे महापालिकेत, नगरपालिकेत ‘गटनेता’ असतो ना, तोच यांचा फ्राक्त्सिओनचा प्रमुख. इंग्रजीत ‘पार्लमेंटरी ग्रुप’ करतात असं दिसतंय. चालेल ना? अजून बरेच शब्द आहेत, विचारते एकेक करून.

*

ताई, पार्लमेंटरी ग्रुप चालतं, पण एक खड्डा आहे पुढे, आधीच सांगतो. फ्राक्त्सिओन व्हायला बुंडेस्टागच्या, म्हणजे त्यांच्या लोकसभेच्या, एकूण सदस्यांच्या पाच टक्के खासदार लागतात. त्याहून कमी असले की दर्जा मिळतो तो ‘ग्रुपं’ नावाचा. २०२३ च्या शेवटी डी लिंकं पक्षातून काही खासदार बाहेर पडले, उरलेल्यांची संख्या पाच टक्क्यांच्या खाली गेली, मग फ्राक्त्सिओन विसर्जित झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या ग्रुपंचा दर्जा मिळाला. आता तुम्ही फ्राक्त्सिओनला ग्रुप म्हणालात तर खऱ्या ग्रुपंला काय म्हणणार? तुमच्या मजकुरात ही भानगड आली असेल तर पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खर्ची घालून फरक सांगा आणि पुढे तेच शब्द धरून ठेवा.

आणि मराठी ‘गट’सुद्धा आता तितका निरागस राहिला नाही बरं का. २०२२ नंतर आपल्याकडे अमका गट तमका गट म्हटलं की फूटच आठवते. गटनेता अजून शाबूत आहे एवढंच.

*

अगदी अगदी, ग्रुपं आलंय पान २६ वर, मी तिथेही ग्रुपच लिहून ठेवलंय, म्हणजे गेलंच ते.

पुढचा शब्द ‘त्स्वाइटश्टिमं’. मी सेकंड व्होट केलं. शेरा: वाचकाला हे दुय्यम वाटेल. आता शब्दच दुसरं मत असा आहे त्याला मी काय करू?

*

जर्मनीत राहून अकरा वर्षं झाली, मतदानाचा हक्क आत्ता आलाय म्हणून उत्साहाने लिहितोय. इथल्या मतपत्रिकेवर दोन रकाने असतात, डावीकडचा काळ्या अक्षरात, तिथे आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारापुढे फुली मारायची, ते पहिलं मत. उजवीकडचा निळ्या अक्षरात, तिथे पक्षाच्या यादीपुढे फुली, ते दुसरं. आणि संसदेत कुणाच्या किती जागा हे ठरतं दुसऱ्या मतावर. म्हणजे धाकटा भाऊ घर चालवतो तसला प्रकार! जर्मन लोकांनाही हे नीट कळतं असं समजू नका, माझ्या शेजारच्या आजी अजून पहिलं मत जास्त महत्त्वाचं समजून चालल्यात. इंग्रजी वाचकाला सेकंड म्हटलं की दुसऱ्या पसंतीचं मत वाटणार. मी असतो तर ‘पार्टी लिस्ट व्होट’ लिहिलं असतं आणि मूळ नाव एकदाच शेजारी दिलं असतं.

आणि श्टिमं या शब्दावर थांबा जरा. त्याचा अर्थ आवाज, आणि मतसुद्धा. इंग्रजीत व्हॉइस वेगळा, व्होट वेगळा. आपल्याकडे ‘मत’ म्हणजे विचारही आणि मतपेटीत पडतं तेही, म्हणजे एका शब्दात दोन गोष्टी ठेवायची खोड आपल्यालाही आहे. त्यातून ‘वाल’ म्हणजे निवड आणि निवडणूक दोन्ही, तिथे तर आपला धातूच एक. जर्मन आणि मराठीच्या मध्ये इंग्रजी आली की उगाच दलाली द्यावी लागते असं माझं मत आहे, दोन्ही अर्थांनी.

*

वरच्या दादांना अनुमोदन, पण दलाली वगैरे जरा जास्त होतंय. सगळीकडे मराठी सरस पडत नाही. बुंडेसराट घ्या, म्हणजे जर्मनीतल्या राज्यांचं सभागृह. पटकन राज्यसभा लिहावंसं वाटतं आणि चुकतं, कारण तिथे निवडून आलेले खासदार बसतच नाहीत, राज्य सरकारांचे मंत्री किंवा मुख्यमंत्री स्वतः येऊन बसतात, एकूण मतं ६९, आणि एका राज्याची सगळी मतं एकगठ्ठाच द्यावी लागतात. इंग्रजी पेपर अपर हाउस लिहून मोकळे होतात, तेही तितकंच चूक. शिवाय स्वित्झर्लंडमधला बुंडेसराट म्हणजे सात जणांचं मंत्रिमंडळ! तेव्हा बुंडेसराट तसंच ठेवावं. ‘मिनिस्टरप्रेझिडेंट’ला मात्र आपल्याकडचं इंग्रजी फार कामाला येतं: चीफ मिनिस्टर. ब्रिटिश वाचक असेल तर स्टेट प्रीमियर करा. मिनिस्टर-प्रेसिडेंट असं जोडकाम करू नका, वाचणाऱ्याला हा मंत्री की राष्ट्राध्यक्ष तेच कळत नाही.

*

करून बसलेय. चार ठिकाणी.

बरं आता हे ऐका, सगळ्यात जास्त घाम याने काढला. २०२३ च्या सुधारणेनंतर बुंडेस्टागच्या जागा ६३० वर बांधल्या, आधी त्या वाढत वाढत २०२१ मध्ये ७३६ झाल्या होत्या. वाढायच्या कशामुळे तर ‘उबरहांगमांडाट’मुळे, म्हणजे एखाद्या पक्षाने मतदारसंघ जास्त जिंकले आणि यादीच्या मतांवर तेवढ्या जागा बसत नसल्या तरी जिंकलेले सगळे आत जायचे, मग बाकीच्यांवर अन्याय नको म्हणून त्यांना भरपाईच्या जागा. ओव्हरहँग सीट हा शब्द इंग्रजीत रुळलाय म्हणे, मला तर गॅलरी पुढे काढलेली इमारतच दिसते. पण ते जाऊ दे. नव्या नियमात शब्द आहे ‘त्स्वाइटश्टिमनडेकुंग’. मतदारसंघ जिंकलात तरी जागा मिळणार तेव्हाच, जेव्हा पक्षाच्या दुसऱ्या मतांचं ‘डेकुंग’ असेल. २०२५ ला असे २३ जण पहिले येऊन घरी बसले. मी कव्हर लिहिलं, कव्हरेज लिहिलं, बॅकिंग लिहिलं, काही केल्या बसेना.

*

अहो डेकुंग हा बँकेतला शब्द आहे! खात्यात पैसे नसले की चेकला डेकुंग नाही म्हणतात. म्हणजे उमेदवार जिंकला पण चेक वटला नाही. मराठीत हे इतकं चपखल बसतं की भाषांतर करायलाच नको. इंग्रजीत मात्र चेक बाउन्स झाला लिहू नका, सरकारी मजकुरात विनोद झाल्यासारखं होईल. ‘सीट्स मस्ट बी कव्हर्ड बाय सेकंड व्होट्स’ असं क्रियापद वापरून लिहा, नाम करायच्या नादी लागू नका. जर्मन भाषा नामांच्या आगगाड्या जोडते, इंग्रजीत नेताना डबे सोडवावे लागतात.

*

हे भारी आहे!! क्रियापदाने लगेच सुटलं.

शेवटचं विचारते, ‘फेरट्राउअन्सफ्रागं’. शब्दशः विश्वासाचा प्रश्न. तेव्हाचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, शॉल्त्स यांनी १६ डिसेंबर २०२४ ला तो मांडला, बाजूने २०७, विरोधात ३९४, तटस्थ ११६. मी ‘लॉस्ट द कॉन्फिडन्स व्होट’ लिहिलं. पुन्हा लाल.

*

कारण त्यांना हरायचंच होतं ना. आपल्याकडे विश्वासदर्शक ठराव हरला की सरकार गेलं, १९९९ ला एका मताने गेलेलं सगळ्यांच्या लक्षात आहे. तिथे चॅन्सेलर कलम ६८ खाली स्वतः विश्वास मागतो, मिळाला नाही तर राष्ट्राध्यक्षांना संसद विसर्जित करायला सांगू शकतो, आणि मुदतीआधी निवडणूक हवी असली की हाच रस्ता. नुसतं लॉस्ट लिहिलं तर विरोधकांनी पाडलं असं वाटतं. पाडायचं कलम वेगळं, ६७, त्यात पाडणाऱ्यांनी नवा चॅन्सेलर त्याच मतदानात निवडून द्यावा लागतो. १९७२ ला चॅन्सेलर ब्रांट यांच्या विरोधात दोन मतं कमी पडली, १९८२ ला चॅन्सेलर श्मिट जाऊन कोल आले. त्याला ‘कन्स्ट्रक्टिव्ह’ अविश्वास ठराव म्हणतात, कन्स्ट्रक्टिव्ह शब्द इंग्रजीत विधायक सूचना दिल्यासारखा वाटतो पण आता तोच रूढ आहे, राहू दे. तुमच्या वाक्यात ‘लॉस्ट, ॲज इंटेंडेड’ एवढं घाला.

*

घातलं. आणि हो, ‘उर्नं’चं सांगायचंच राहिलं. मजकुरात होतं की लोक उर्नंकडे निघाले. मी अर्न लिहिलं होतं. म्हणजे सहा कोटींच्या आसपास मतदार रांगेने अस्थिकलशाकडे चाललेत. शेरा मारणाऱ्याने तिथे लाल गोलसुद्धा केला नव्हता, नुसता एक हसरा चेहरा काढला होता. मतपेटी केलंय आता, पाठवते रात्री.