वृक्षाच्छादन, वनाच्छादन की जंगल?

विचारणा
उपग्रह-प्रतिमांवरून केलेल्या एका नकाशाचं मराठीकरण माझ्याकडे आलं आहे. मूळ सूचीत 'ट्री कव्हर' आणि 'फॉरेस्ट कव्हर' असे दोन वेगळे रंग आहेत. आधीच्या मसुद्यात दोन्हींना 'वनाच्छादन' म्हटलंय, आणि खालच्या मजकुरात सरसकट 'जंगल'. वाचायला सोपं आहे, पण मनाला पटत नाही. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर
तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. संवर्धनाचं काम ज्या नकाशावर ठरतं, त्यात एवढ्या एका शब्दाने अर्थ फिरतो.

'आच्छादन' हा भाग मात्र अगदी नेमका. संस्कृत 'छद्' म्हणजे झाकणे. 'छत्र'ही त्याच धातूचं. उपग्रहाला वरून दिसतं ते जमिनीवरचं झाकण. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश भरपूर परत पाठवतं. या दोहोंतल्या तफावतीवरून एनडीव्हीआय हा आकडा काढतात. तो उणे 1 ते अधिक 1 या दरम्यान असतो. त्यातून हिरवेपणा कळतो. झाड कोणत्या जातीचं, ते आपसूक उगवलं की कोणी लावलं, त्याखाली झुडपं आहेत की खरवडलेली माती, हे कळत नाही. त्यामुळे पाम तेलासाठी ओळीने लावलेली झाडं आणि शेकडो जातींचं सदाहरित रान एकाच गडद हिरव्यात येऊ शकतात. वृक्षाच्छादन दोन्हीकडे आहे, जंगल एकीकडेच.

म्हणून 'ट्री कव्हर'ला वृक्षाच्छादनच म्हणा. 'वनाच्छादन' वापरायचं तर कोणत्या व्याख्येने, ते सूचीखाली द्यायलाच हवं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत 0.5 हेक्टरहून मोठं क्षेत्र, 5 मीटरहून उंच झाडं आणि त्यांच्या फांद्या-पानांचं 10 टक्क्यांहून जास्त छत्र लागतं (किंवा झाडं तिथेच तेवढी वाढू शकणारी असावी लागतात), शिवाय जमीन मुख्यतः शेतीच्या किंवा शहरी वापरात नसावी लागते. ही शेवटची अट नुसत्या हिरव्या रंगावरून तपासता येत नाही. त्यासाठी स्थळपाहणी लागते, गावात जाऊन विचारावं लागतं.

दुसरं उत्तर
वरच्या उत्तराशी सहमत. 'जंगल' टाळावा असं मला आणखी एका कारणाने वाटतं.

आयुर्वेदात भूप्रदेशाचे तीन प्रकार सांगितले आहेत: जांगल, अनूप आणि साधारण. यातला 'जांगल' म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. पाणथळ आणि दाट झाडीचा तो 'अनूप'. आपलं 'जंगल' या 'जांगल'वरूनच आलं, आणि वाटेत त्याचा अर्थ पार उलटला. 'रान'चंही बघा. मूळ 'अरण्य', पण 'रानात गेलेत' म्हणजे शेतात गेलेत, आणि 'माळरान' म्हणजे गवताळ उघडी जमीन. मोकळ्या जमिनीलाही मान देणारे शब्द आपल्याकडे होते.

नकाशांत नेमकी हीच जमीन मार खाते. पावसाळा सरला की गवत पिवळं पडतं, एनडीव्हीआय उतरतो, आणि सूचीत शब्द येतो 'ओसाड' किंवा 'पडीक'. तो वाचून कोणीतरी भल्या हेतूने तिथे झाडं लावायला निघतं. त्याच गवताच्या बुडाशी चंडोलाचं घरटं असतं, मुठीएवढा खळगा, आत ठिपक्याठिपक्यांची अंडी. झाडांची सावली पडली की ते गवत जातं आणि चंडोलही जातो. तुमच्या सूचीत 'ओसाड' असेल तर कृपा करून 'गवताळ माळ' आणि 'उघडी जमीन' असे दोन शब्द करता येतात का ते मूळ नकाशा करणाऱ्यांना विचारा.

विचारणा (पुढे)
'ओसाड' आहे! आजच विचारते. आणखी दोन शंका. 'वृक्षाच्छादन' जड वाटतं, 'झाडोरा' चालेल का? आणि 'जैवविविधतेचा नकाशा' हे शीर्षक योग्य आहे का?

उत्तर
'झाडोरा' मलाही फार आवडतो, मजकुरात जरूर वापरा. पण झाडोऱ्यात झुडपंही येतात, त्यामुळे सूचीत नको. तसाच 'वृक्षहीन' हा शब्दही काढा. लँडसॅट उपग्रहांच्या 30 मीटरच्या प्रतिमेत एक पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, 900 चौरस मीटरचा. सेंटिनेल-2 उपग्रहांच्या 10 मीटरच्या प्रतिमेत 100 चौरस मीटरचा. ओढ्याकाठची दोन-तीन झाडं मोठ्या पिक्सेलात भोवतालच्या सुक्या गवतात विरून जातात, आणि कितीतरी पाखरांचा आसरा तीच असतात. 'विरळ वृक्षाच्छादन' लिहा आणि टक्केवारी द्या.

शीर्षकात 'अधिवास' हवा. अशा प्रतिमांत जीव क्वचितच थेट दिसतो, बहुधा त्याची खूण दिसते. अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनच्या वसाहती लँडसॅटच्या प्रतिमांत सापडल्या त्या बर्फावरच्या विष्ठेच्या तपकिरी डागांवरून. पक्षी एकेकटा त्यात दिसत नव्हता. तुमच्या नकाशातही राहण्याच्या जागा आहेत; तिथे कोण राहतं हे कळायला पायी फिरूनच नोंदी कराव्या लागतील.

विचारणा (शेवटची)
सर्वांचे आभार. शीर्षक बदललं: 'अधिवास-नकाशा, उपग्रह-प्रतिमांवरून'. सूचीत आता 'दाट वृक्षाच्छादन', 'विरळ वृक्षाच्छादन', 'लागवड (स्थळपाहणीनुसार)' आणि 'वनाच्छादन' आहे, व्याख्या खाली दिली आहे. 'ओसाड'चे दोन भाग करायला नकाशा करणारे तयार झाले, पण त्यासाठी त्यांना पावसाळ्यानंतर लगेचची प्रतिमा लागणार आहे. तोवर तो रंग मी 'माळ / उघडी जमीन, पडताळणी बाकी' असा ठेवला आहे.