वैशाखऱ्यातून नाणेघाट: बाबा आणि सहावीतला मुलगा बरोबर असताना कधी, कसं जावं?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीचे. आमचं फिरणं म्हणजे थंडीत खाडीवर फ्लेमिंगो बघणं, नाहीतर ठाण्यात बहिणीकडे गेलो की येऊरला चक्कर. यंदा मुलाला इतिहासात सातवाहन आले आणि तेव्हापासून त्याने नाणेघाटाचा धोशा लावलाय. माझे बाबा ६२ वर्षांचे. रोज पहाटे तासभर चालतात, दम चांगला आहे, पण उतरताना उजवा गुडघा त्रास देतो. त्यांना पाखरांची फार आवड. त्यांना घरी ठेवून जायचं नाही, हे माझं नक्की आहे.

ऑफिसात सगळे म्हणतात, जुलैत जा, उलटा धबधबा बघायला मिळेल. कोणी म्हणतं गाडी थेट वर जाते, चढायचं कशाला. मला विचारायचंय ते असं: पावसात जावं की पावसानंतर? खालून चढावं की वरून गाडीने जावं? आणि वाटेत रान कसं आहे, की नुसती गुहा बघून परत यायचं?

काळूकाठ
ताई, माझं माहेर टोकावड्याच्या बाजूचं, आता कळव्याला असते. आमच्या वरच्या गावांत सोयरिकी आहेत. आजी नाणेघाट चढून घाटघरच्या नातेवाइकांकडे जायची, डोक्यावर गाठोडं घेऊन, अनवाणी. तिच्यासाठी ती नेहमीची वाट होती. म्हणून मनापासून सांगते, निदान पहिल्या वेळी तरी खालून चढा. गाडीतून उतरून गुहा बघणाऱ्याला घाट दिसतच नाही.

जुलैच्या शनिवार-रविवारी जाऊ नका. लहान मूल आणि वडील बरोबर असताना तर नाहीच. उलटा धबधबा खरा आहे. कोकणातून येणारा वारा कड्याला थडकून वर उसळतो आणि पडणारं पाणी परत वर भिरकावतो. पण तेव्हा वर गाड्यांची रांग असते, मोठ्याने गाणी चालू असतात, कड्याच्या टोकावर फोटोसाठी रेटारेटी असते. खालच्या वाटेवर ओढे भरलेले असतात आणि दगड शेवाळलेले. वर जोराची सर आली की ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. दरवर्षी अशा ठिकाणांसाठी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेशही निघतात, ते मोडून जाऊ नका. तिथे कोणी अडकलं की रात्री दोर घेऊन आमच्याच गावची पोरं जातात.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबर, हे दिवस धरा. शक्यतो मधला वार. पाऊस ओसरत आलेला असतो, पण ओढ्यांना पाणी असतं. खाली खाचरांत भात पिवळं पडायला लागतं, बांधावर तेरडा, वर पठारावर सोनकीचा पिवळा गालिचा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते, ते वर्ष साधलं तर जांभळा डोंगर बघायला मिळेल. एरवीही तिची काटकुळी झुडपं ओळखून घ्या. याच कारवीच्या काठ्या उभ्या लावून, वरून शेणमाती सारवून आमच्याकडे कुडाच्या भिंती होतात.

आता वाट. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्याला टोकावड्यानंतर वैशाखरे लागतं. गाव सोडलं की थोडं पुढे उजव्या हाताला नाणेघाटाचा फलक आहे. सुरुवातीचा रस्ता बैलगाडी जाईल असा रुंद, जवळपास सपाट. इथे घाई करू नका, बाबांचा गुडघा गरम होऊ द्या. ओढा ओलांडला की रान सुरू होतं. ऐन, साग, कुडा, मोह, खाली करवंदाच्या जाळ्या. ऐन मुलाला ओळखता येईल, खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. मे महिन्याच्या शेवटी याच झाडांवर काजवे बसतात.

रान तुम्हाला वाटतं तितकं मुकं नाही. वानरांच्या टोळ्या आहेत. भेकर सहसा दिसत नाही, पण कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू येतं. बिबट्या या डोंगरात आहे, घाटमाथ्यावर जुन्नर तालुक्यात तर तो उसात राहतो. दिवसा, बोलत, एकत्र चालणाऱ्या माणसांच्या वाटेला तो जात नाही. फक्त मुलाला पुढे एकट्याला पळू देऊ नका आणि उजेड असताना खाली या. सापाच्या बाबतीत एकच सांगते, हात टेकण्याआधी दगडाकडे बघा. इकडे फुरसं आहे आणि ते दगडाच्या रंगाचंच असतं.

अर्ध्याच्या वर दगडी वाट लागते. कातळात खोदलेल्या पायऱ्या, कडेला पाण्याची टाकी. पावलांनी झिजलेले दगड आहेत ते. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरच्या पेठेकडे जाणारा माल याच वाटेने जनावरांच्या पाठीवरून वर गेला, दोन हजार वर्षांपूर्वी. आमच्या आजीची पावलंही त्यातच. हा टप्पा मला गुहेइतकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा बसा.

मग गुहा. डावी-उजवी भिंत अक्षरांनी भरलेली आहे, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. सातकर्णी राजाची राणी नागनिका, तिच्या काळचा हा लेख. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ केले, दक्षिणा म्हणून गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी दिली, असा हिशेब त्यात आहे. हिशेब आला म्हणजे आकडे आले. आपल्याकडच्या फार जुन्या अंकचिन्हांत या लेखातल्या अंकांची गणना होते. मुलाला घरूनच ब्राह्मी अंकांचा तक्ता काढून न्यायला सांगा आणि भिंतीवर शोधायला लावा. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज काही ठिकाणी पावलं उरलीत आणि वर कोरलेली नावं, त्यात सिमुक सातवाहनाचं नाव आहे. हात लावू नका, खडू फिरवून अक्षरं उठवू नका. कोणी दुसरं करत असेल तर थांबवा, मी थांबवते.

गुहेच्या वर अरुंद नाळ, म्हणजे कड्यांमधली घळ आहे, ती चढली की माथा. तिथे दगडात कोरलेला मोठा रांजण दिसेल. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. शेजारी नानाचा अंगठा, म्हणजे कोकणावर झुकलेलं ते टोक. तिथून आमचा सगळा मुलूख दिसतो, गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. बाबांना आणि मुलाला इथे एक सांगा. मागे पडलेला पाऊस कुकडीत जातो, कुकडीतून घोड, भीमा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागराला. पुढे कड्यावरून पडलेला आमच्या काळूला मिळतो, काळू उल्हासला, आणि उल्हासचं पाणी वसईच्या आणि तुमच्या ठाण्याच्या खाडीत येतं. तुम्ही जिथे फ्लेमिंगो बघता, त्या पाण्यात थोडं आमच्या डोंगरावरचंही आहे.

ठाण्याचा_टकाचोर
काळूकाठ ताईंनी वाट छान सांगितली. मी फक्त पाखरांचं सांगतो, कारण बाबांना आवड आहे म्हणालात.

सकाळी साडेसातच्या आत रानात असाल तर फरक पडतो. ऊन चढलं की पाखरं गप्प होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टकाचोर, हळद्या, कोतवाल, सुभग, नाचण हे बहुतेक भेटतात. स्वर्गीय नर्तक ओढ्याजवळच्या सावलीत शोधा, नराच्या शेपटीच्या लांब पांढऱ्या फिती झाडाआड गेल्या तरी लक्षात येतात. राखी धनेश उंबर-वडावर फळं असतील तर. चढाच्या खालच्या अर्ध्यात चकोत्री आणि रानकोंबडा यांचा आवाज येतो, दिसायला मात्र नशीब लागतं. माथ्याजवळ डोकं वर ठेवा. तुरेवाला सर्पगरुड गोल फिरत तीन-चार शिट्ट्या घालतो, तो आवाज एकदा ओळखला की विसरत नाही.

शीळ घालणारा मलबारी कस्तूर मात्र पावसाळ्याचा गायक आहे. सप्टेंबरच्या शेवटी गेलात तर ओढ्याकाठी पहाटे ऐकू यायची आशा आहे, नोव्हेंबरमध्ये फारशी नाही. तेवढ्यासाठी मी लवकरची तारीख निवडेन.

आणि हात जोडून विनंती, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. बिचारा आपल्या हद्दीत दुसरा घुसला म्हणून चरणं सोडून भांडायला येतो.

डोंबिवलीचा_भटक्या
उतरण्याचा गुडघा वाईट असेल तर खालून चढा आणि खाली उतरूच नका. चढायला अडीच-तीन तास, तितकंच उतरायला, आणि दुखतो तो दुसरा भाग. घरातलं कोणीतरी गाडी घेऊन माळशेज चढून बनकर फाट्यावरून जुन्नरला, तिथून आपटाळे, चावंडच्या पायथ्याने घाटघर आणि नाणेघाट, असं वर येऊ दे. फेरा बराच मोठा पडतो, तुम्हाला वैशाखऱ्याला सोडून लगेच निघाली तर जेवणाच्या वेळेपर्यंत गाडी वर. परतताना वाटेत कुकडेश्वराचं देऊळ बघा, दगडातलं कोरीव काम सुंदर आहे, कुकडीचा उगमही तिथेच.

शेजारचा जीवधन किल्ला मात्र या खेपेला नको. वानरलिंगी सुळका लांबून बघा. किल्ल्यावर जाताना कातळटप्पा आहे, बाबा आणि मुलगा दोघांना एकदम सांभाळणं कठीण.

खाडीकाठची
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! गाडीची कल्पना घरी सगळ्यांना पटली, नवरा वर गाडी आणायला तयार आहे. मी, बाबा आणि लेक चढणार. सप्टेंबरचा शेवट धरतोय. काळूकाठ ताई, तीन गोष्टी विचारते. वाटेतलं पाणी प्यावं का? वाटाड्या लागेल का? आणि चढताना बाबांना नाहीच जमलं तर मागे फिरायची जागा कुठली?

काळूकाठ
ओढ्याचं पाणी वाहतं असलं तरी मुलाला देऊ नका, वर गुरं असतात. माणशी दोन लिटर घरून न्या. टाक्यांतलं पाणी तोंड धुवायलाही नको, त्यात कचरा पडतो.

वाट मळलेली आहे, चुकण्याची भीती कमी. पण सप्टेंबरात गवत कमरेएवढं असतं आणि गुरांच्या वाटा फसवतात. वैशाखऱ्यात चहाच्या टपरीवर विचारा, कोणीतरी बरोबर येईल. त्याला दिवसाचे पैसे नीट द्या, आधीच ठरवून द्या. ठाकूर किंवा महादेव कोळी घरातला माणूस मिळाला तर बाबांचा दिवस सोन्याचा होईल. कुठली रानभाजी कधी खायची, शेवळं कुठे उगवतात, मुठे म्हणजे खेकडे कुठल्या बिळात असतात, हे त्याच्याकडून ऐकावं. मुलाला सांगा, प्रश्न विचार आणि ऐकताना मध्ये बोलू नको.

मागे फिरायची जागा म्हणजे दगडी पायऱ्या सुरू होण्याआधीचं रान. तिथपर्यंतचा उतार मऊ आहे, गुडघ्याला झेपेल. त्याच्या वर गेलात की वर जाणंच सोपं. म्हणून तिथे दहा मिनिटं बसवा आणि बाबांना सरळ विचारा. ते "जमतंय" म्हणतील, तुम्ही त्यांच्या चालण्याकडे बघून ठरवा. नवऱ्याला मात्र तुमचा वर आल्याचा फोन येईपर्यंत खालीच मुरबाड-टोकावड्याकडे थांबायला सांगू नका, तो वेळेत पोचणार नाही. त्याने निघावं. तुम्हाला फिरावं लागलं तर खाली वैशाखऱ्याला कल्याणची एसटी मिळते, दुपारची गाठा, संध्याकाळवर सोडू नका. रानात रेंज जाते, म्हणून हे सगळं सकाळीच बोलून ठेवा.

काठी बाबांना दोन द्या, एक नाही. आणि माथ्यावर वानरं-माकडं पिशवी ओढतात, डबा गुहेत किंवा माथ्यावर उघडू नका. रान सुरू होतं त्या खालच्या ओढ्याजवळ खा आणि कागद, साली, सगळं परत पिशवीत. माहेरी गेले की मी आणि वहिनी त्या वाटेवरच्या बाटल्या गोळा करतो, तुमच्या घरची त्यात नसणार याची मला खात्री आहे.